चौदा वर्षं शेजारी बसलो, घर कुठंय ते माहीत नाही

खिडकीशेजारी (शनिवार, रात्री ११:१२)

इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकरोडचा. चौदा वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबई अप-डाऊन केलं. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, गाडी सकाळी मनमाडहून निघते, सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, साडेदहा-पावणेअकराला सीएसएमटी, आणि संध्याकाळी सव्वासहाला तिथून परत. घरी येईस्तोवर रात्रीचे दहा. पहाटे पाचला उठायचं आणि पोरं झोपल्यावर घरात पाय ठेवायचा, असं चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत माझ्या शेजारी एकच माणूस बसला. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मला ते बारक्या म्हणायचे. खिडकी माझी आणि शेजारची जागा त्यांची, हे कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या आठवड्यात तसं बसलो आणि मग तसंच राहिलं. सकाळी देवळाली गेलं की ते डोळे मिटायचे, इगतपुरीला चहा, कल्याणच्या आधी डबा उघडायचा कारण ऑफिसात पोचल्यावर खायला वेळ मिळायचा नाही. त्यांचा खोकला मला दुरून ओळखू यायचा. पगार झाला नसेल तर ते पेपर उलटापालटा करत बसायचे, वाचायचे नाहीत, हे मला माहीत होतं. मुलगी दहावीला असताना ते रोज गणिताचं पुस्तक घेऊन यायचे, येताजाता स्वतः सोडवायचे, म्हणजे रात्री घरी जाऊन तिला सांगता येईल.

आणि त्यांचं घर मला माहीत नव्हतं. जेलरोडला कुठेतरी, एवढंच. माझ्या घरापासून दोन-अडीच किलोमीटर असेल. कधी गेलो नाही, तेही आले नाहीत. रविवार एकच मिळायचा, तो घरच्यांचा.

दोन वर्षांपूर्वी मला नाशिकमध्येच सातपूरला बदली मिळाली आणि गाडी सुटली. शेवटच्या दिवशी डब्यात पेढे वाटले, भाऊ म्हणाले भेटत जाऊ रे बारक्या, मी म्हटलं म्हणजे काय, भेटणारच. वाढदिवसाला फोन झाला दोनदा. गाडीच्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज यायचे म्हणून मी ग्रुप आर्काइव्ह करून टाकला होता.

मागच्या आठवड्यात सहज उघडला. भाऊ गेले, तीन आठवडे झाले. घरीच, पहाटे, अटॅक. गाडीला जायची तयारी करत होते म्हणे. दहावा रामकुंडावर झाला, डब्यातले वीस-बावीस जण गेले होते. मी तारीख बघितली. त्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून होळकर पुलावरून गेलोय, खाली बघितलंही होतं, गर्दी दिसली होती.

तेव्हापासून झोप नीट नाही. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, याला मैत्री म्हणायचं का, की नुसता सहवास होता आणि गाडी सुटली तसा संपला? दुसरं, आता तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी जावं का? वहिनींनी मला कधी बघितलेलंही नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

ओझरकर (शनिवार, रात्री ११:३१)

जा भाऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नंतर शोधा, आधी जाऊन या.

स्पष्टबोल्या (रविवार, सकाळी ७:५०)

वाईट वाटलं वाचून. पण तुम्ही विचारलंय म्हणून मनापासून सांगतो. मला ही मैत्री वाटत नाही. सहवास होता, चांगला होता, पण सहवासच. मैत्री असती तर दोन वर्षांत अडीच किलोमीटर गेला असता की.

मी असं का म्हणतो ते सांगतो. माझा एक मित्र होता, मित्र म्हणजे तिसरीपासूनचा, एका बाकावरचा, घरातलाच म्हणा. त्याने धंद्यासाठी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मला म्हणाला सही कर. माझी आई म्हणाली सही करू नकोस, बायको म्हणाली करू नकोस, मी म्हटलं तो काय परका आहे का? जामिनाच्या फॉर्मवर सही केली, वाचलंसुद्धा नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, ते मला वकिलाने दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने हप्ते थांबवले. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. चार वर्षं. पोरीच्या ॲडमिशनच्या वर्षी पण कपात चालूच होती.

पैशाचं मी विसरलो असतो, खरंच विसरलो असतो. पण त्या चार वर्षांत त्याने एकदा फोन केला नाही. मला बघून रस्ता ओलांडायचा. कॉलेजरोडला एकदा समोरासमोर आलो तर दुकानात शिरला, ते दुकान बायकांच्या ब्लाऊजपीसचं होतं. तो दारात येऊन बोलला असता की बाबा रे चुकलं, हातात नाही पैसे, तर मी त्याला चहा पाजला असता. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मैत्री कळते ती अडचणीत, रोजच्या डब्यात आणि गप्पात कळत नाही. तुमच्या भाऊंनी आणि तुम्ही एकमेकांच्या अडचणीत काय केलं ते सांगा, मग ठरवू.

सिडकोची_लेक (रविवार, सकाळी ९:०५)

स्पष्टबोल्या दादा, तुमचं दुःख समजलं, पण तुम्ही स्वतःच्या मित्राचा राग या दादांच्या भाऊंवर काढताय असं मला वाटतं.

घरी जाणं-येणं ही मैत्रीची परीक्षा असेल तर आम्हा बायकांना मैत्रिणीच नव्हत्या म्हणायचं. लग्न झालं, आडनाव बदललं, गाव बदललं, काहींच्या सासरी नावपण बदललं. माझी शाळेतली जिवाची मैत्रीण सटाण्याला दिली, मी सिडकोत. पंधरा वर्षं पत्ता नाही. फोनवर शोधायचं तर कुठल्या नावाने शोधायचं? तिचं माहेरचं नाव कुठेच नाही. त्या पंधरा वर्षांत आम्ही मैत्रिणी नव्हतो का? मी दर श्रावणात मंगळागौरीला फुगडी घालताना तिचा हात आठवायचे, तिच्या हाताला घाम यायचा आणि पकड सुटायची म्हणून ती ओढणी गुंडाळायची.

शेवटी कशी भेटली माहितीय? माझ्या भावाच्या मुलाच्या बारशात, ती दुसऱ्या बाजूने नात्यातली निघाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो, बाहेर पंगती उठल्या तरी आम्ही तिथेच. सगळ्यात आधी ती काय बोलली, तर म्हणाली, तुझी कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे.

खिडकीशेजारी दादा, तुम्ही जा. वहिनींनी तुम्हाला बघितलं नसेल पण ऐकलं नक्की असेल. चौदा वर्षं नवरा रात्री दहाला घरी येतो, जेवताना काय बोलत असेल? गाडीतलंच ना.

निवृत्त_मास्तर (रविवार, सकाळी १०:४०)

माझं वय ७३, पंचवटी कारंजाजवळ राहतो, चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. माझं मत मांडतो.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. एक उपयोगापुरती, दुसरी मौजेपुरती, तिसरी त्या माणसाच्या चांगुलपणावर जडलेली. पहिल्या दोन कारण संपलं की संपतात, तिसरी टिकते पण ती दुर्मीळ, आणि तिला वेळ लागतो. त्याने तिथे एक जुनी म्हण दिली आहे, की सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. मला हे वाचताना नेहमी वाटतं की हे आपल्याकडचंच कुणी बोललं असावं, आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो ते उगाच नाही.

आता तुमच्या गाडीचं पहा. सुरुवात पहिल्या प्रकाराने झाली, जागा धरायची, पेपर वाटून घ्यायचा. मग दुसरा, गप्पा. पण जो माणूस पोरीसाठी पन्नाशीच्या आसपास गणित सोडवतो ते तुम्ही शेजारी बसून रोज पाहिलंत आणि आज इतक्या वर्षांनी ते तुम्हाला आठवतं. तुम्हाला तो माणूस चांगला वाटत होता. म्हणजे तिसराच प्रकार झाला की.

मराठीत शब्द किती आहेत पहा. सवंगडी, सोबती, सखा, दोस्त, भिडू, जिवलग. सोबती हा शब्द मला फार आवडतो, त्यात फक्त बरोबर असणं आहे, बाकी काहीच मागणं नाही. मुलांमध्ये तर आणखी सोपं असतं, बोट पुढे केलं की गट्टी. माझ्या वर्गात गट्टी फू झालेली पोरं मधल्या सुट्टीच्या आत पुन्हा एकाच डब्यात जेवायची. मोठेपणी ती सुट्टीच होत नाही.

गोदाकाठ (रविवार, दुपारी १२:२०)

मास्तर, वेळ लागतो म्हणालात त्यावर आकडे आहेत. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे, नवीन गावात आलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं घेऊन केलेला. साधारण ५० तास एकत्र गेले की ओळखीचा माणूस जरा मित्रासारखा वाटायला लागतो, ९० च्या आसपास मित्र, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर तास लागतात. पण त्यातच असंही दिसलं की नोकरीत एकत्र काम करताना गेलेले तास तेवढे मोजले जात नाहीत. रिकामा वेळ, गप्पा, सोबत खाणं, हे तास मोजले जातात. म्हणून ऑफिसात दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस परका राहतो आणि गाडीतला होत नाही, असं मला वाटतं. गाडीत कुणी कुणाचा साहेब नसतो आणि करायलाही काही नसतं.

रॉबिन डनबार म्हणून ब्रिटिश संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं माणूस सुमारे १५० जणांशी खरं नातं ठेवू शकतो, पण अगदी आतल्या वर्तुळात पाचच माणसं असतात. आणि तिथे भेटीगाठी थांबल्या की माणूस हळूहळू बाहेरच्या वर्तुळात सरकतो. तुमचं दुःख मला तेच वाटतं, भाऊ आतल्या पाचांत होते आणि ते तिथे आहेत हे तुम्हाला गाडी सुटल्यावर कळलं नाही.

खिडकीशेजारी (रविवार, रात्री ९:४८)

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं. गोदाकाठ, तुमच्या आकड्यावरून हिशोब केला. जाऊन-येऊन सात तास, महिन्याला चोवीस दिवस धरले तर १६८ तास. म्हणजे दोनशे तास सव्वा महिन्यात झाले असणार आमचे. चौदा वर्षांचे, सुट्ट्या वजा करून, पंचवीस हजाराच्या आसपास जातात. माझ्या बायकोशी जागेपणी मी इतकं बोललो नसेन, हे तिलाच आज दुपारी सांगितलं, ती म्हणाली मला माहितीये.

स्पष्टबोल्या दादांनी अडचणीचं विचारलं. ते विचारणं मला लागलं पण बरोबर आहे, म्हणून सांगतो. हे मी घरी सोडून कुठे बोललो नाहीये.

एका जुलैत घाटात दरड आली. परतीची गाडी कसाऱ्याला थांबली, तिथे मागून बँकर इंजिनं लागतात, घाटाचा चढ १:३७ आहे ना, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, एका इंजिनाचं काम नाही ते. बँकर लागल्यावर जो हिसका बसतो तो सवयीचा असतो, तो बसला, गाडी निघाली आणि मध्येच घाटात उभी राहिली. साडेपाच तास. बाहेर नुसता पाऊस आणि अंधार, डब्यातले दिवेपण मंद झाले. त्या आठवड्यात मला डॉक्टरने अल्सर सांगितला होता आणि आणखी एक तपासणी करायला सांगितली होती, ती कशाची ते तुम्ही समजून जा. रिपोर्ट यायचा होता. घरी सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आणि त्या अंधारात मी भाऊंना सांगितलं. का ते मला माहीत नाही, बहुतेक चेहरा दिसत नव्हता म्हणून.

ते काही बोलले नाहीत. होईल बरं, काळजी करू नको, असलं एक वाक्य नाही. त्यांनी पिशवीतून भाकरीचा उरलेला तुकडा काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाले हळू चाव. मग म्हणाले, रिपोर्ट कधी आहे? मी म्हटलं शुक्रवारी. शुक्रवारी सीएसएमटीला उतरल्यावर ते त्यांच्या ऑफिसला गेलेच नाहीत, माझ्याबरोबर चालत राहिले. त्या दिवसाचा पगार कापला गेला असणार त्यांचा. रिपोर्ट चांगला आला. आम्ही बाहेर रसवंतीत उसाचा रस प्यायलो आणि संध्याकाळी गाडीत ते विषय काढल्याशिवाय झोपून गेले.

आणि मी त्यांच्या अडचणीत काय केलं, तर मला आठवत नाही. हेच मला खातंय.

निफाडकर_बागायतदार (सोमवार, पहाटे ५:१५)

रामराम मंडळी. मला लिहायची सवय नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात, मजुरी नाही. आता मजूर टोळ्या आल्या, सावड कमी झाली, पण आमच्या चार घरांत अजून आहे. सावडीत हिशोब असतो बरं का, डोक्यात असतो, कुणाचे किती दिवस फिरले ते सगळ्यांना माहीत असतं. नव्या पोरांना वाटतं की हिशोब आला म्हणजे व्यवहार आला, प्रेम नाही. मला उलटं वाटतं. दिवस फिरायचा बाकी असतो म्हणून तर माणूस परत बांधावर येतो. पूर्ण फिटलं की येणं संपलं.

आमच्या निफाडला थंडी कशी पडते माहीत आहे सगळ्यांना, पारा पाचच्या खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडत राहायचं. एका वर्षी माझा हात मोडलेला, प्लास्टर. मध्यरात्री बायको आणि मी उठलो तर बागेच्या चारी कोपऱ्यांत आधीच जाळ दिसला. तिघं जण येऊन पेटवून गेले होते आणि आपापल्या बागेत परत गेले होते, कारण थंडी त्यांच्याही बागेत होतीच. सकाळी कुणी काही बोललं नाही. मीपण नाही बोललो. पण त्यांतल्या एकाच्या ऑक्टोबर छाटणीला मी आठ दिवस गेलो, तो नको म्हणत होता तरी.

खिडकीशेजारी भाऊ, तुमच्याकडे एक दिवस फिरायचा बाकी आहे असं समजा. माणूस गेला तरी सावड त्याच्या घराशी असते. आमच्यात बाप गेला तर पोराच्या रानात जातो आम्ही.

जुनंनाशिक (सोमवार, दुपारी १:३०)

बागायतदार दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच.

गोदाकाठ यांच्या तासांबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. मी तिवंधा चौकातला. आमच्याकडे रंगपंचमीला रहाड असते, बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, जमिनीत दगडी बांधकामाचा मोठा हौद आहे, पेशवाईपासूनचा सांगतात, वर्षभर तो लाकडाच्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून माणसं चालतात, गाड्या जातात, कुणाला कळणार पण नाही. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, रंग तयार करतात, पूजा होते आणि मग धप्पा, म्हणजे काठावरून सरळ आत उडी. नंतर पुन्हा बुजवायचं.

आमची सहा जणांची टोळी. आता एक पुण्याला, एक बडोद्याला, एक दुबईला, दोघं इथेच पण कामात. वर्षभर फोन नाही, मेसेज नाही, कुणाच्या घरी काय चाललंय माहीत नाही. रंगपंचमीला येतात. उडी मारली आणि डोकं वर काढलं की आम्ही पुन्हा सोळा वर्षांचे, मागचं वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. तर आमचे तास किती भरतील? वर्षाला सहा-सात. पण मला रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं झालं तर यांच्यातल्याच एकाला उठवीन.

म्हणून खिडकीशेजारी, दोन वर्षं भेटला नाहीत म्हणजे संपलं असं नाही. बुजवलेलं होतं. एवढंच वाईट वाटतं की उघडायच्या आत ते गेले.

गोदाकाठ (सोमवार, दुपारी २:०२)

जुनंनाशिक, पण तुमचे तास लहानपणीच भरून झालेत ना, चौकात, शाळेत, दिवस-दिवस. ते जमा आहेत म्हणून आता वर्षाला सहा पुरतात. चाळिशीनंतर नवीन मित्र करून बघा, मग कळतं तास किती महाग आहेत. मी तीन वर्षांपूर्वी नाशिकला राहायला आलो, सकाळी गंगापूररोडला चालायला जातो, रोज दिसणारी आठ-दहा माणसं आहेत, हसतो आम्ही. त्याच्या पुढे गाडी जात नाही. हा धागा वाचून आज एकाला थांबवून नाव विचारलं.

सिडकोची_लेक (सोमवार, दुपारी २:१०)

मग? काय म्हणाले ते?

गोदाकाठ (सोमवार, दुपारी २:१५)

म्हणाले मी पण बरेच दिवस विचारायचं म्हणत होतो. उद्या मिसळ खायला जातोय.

स्पष्टबोल्या (सोमवार, रात्री १०:५५)

घाटातलं वाचलं. माझे शब्द मागे घेतो. ती मैत्रीच होती आणि माझ्या वाट्याला आली त्याच्यापेक्षा मोठी होती.

सिडकोची लेक ताई, तुमचंही बरोबर, माझा राग वेगळ्या माणसावर आहे. तो माणूस अजून याच शहरात राहतो. कपात संपून तीन वर्षं झाली. निफाडकर म्हणतात दिवस फिरायचा बाकी असतो म्हणून माणूस परत येतो, आमच्यात तो लाजेने येत नाही आणि मी रागाने जात नाही. आता यापुढे काय ते मला माहीत नाही. पण आज संध्याकाळी त्याचा नंबर बघितला, डिलीट केलेला नव्हता.

खिडकीशेजारी, तुम्ही गेलात का?

खिडकीशेजारी (मंगळवार, रात्री ११:२०)

आज गेलो.

ग्रुपवर पत्ता विचारला, डब्यातल्या एकाने लोकेशन पाठवलं. जेलरोडला दुसरा मजला, लिफ्ट नाही. दाराबाहेर त्यांच्या चपला अजून आहेत, मी ओळखल्या, उजव्या टाचेला झिजलेल्या. बेल वाजवायला हात गेला नाही, तर मुलीनेच दार उघडलं, ती कॉलेजला निघाली होती. मी म्हटलं मी गाडीतला. ती आत वळून म्हणाली, आई, बारक्याकाका आलेत.

मी नाव सांगितलं नव्हतं.

वहिनींनी पाणी दिलं. मी म्हटलं मला उशिरा कळलं, दहाव्याला आलो नाही, माफ करा. त्या म्हणाल्या बसा. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर त्यांनी विचारलं, पोटाचं कसं आहे आता? मी म्हटलं बरंय, पण तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाल्या, अहो, सहा-सात वर्षं मी भाजीत तिखट निम्मं टाकत होते तुमच्यामुळे. यांना झणझणीत लागायचं, आमच्याकडे ठेच्याशिवाय जेवण नाही. पण डब्याची भाजी वेगळी करायची, म्हणायचे बारक्या माझ्या डब्यातलं खातो, त्याला चालत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमची बदली झाली त्या सोमवारी मी सवयीने तशीच भाजी दिली, रात्री डबा तसाच परत आला.

मला वाटायचं त्यांच्या घरची भाजी अशीच सौम्य असते. एकदा तर म्हणालो होतो की वहिनी तिखट कमी खातात वाटतं, आणि ते हो म्हणाले होते.

पुढचं आज लिहवत नाही. एक मात्र विचारायचंय. भाऊ नोकरीत असताना गेले, खाजगी कंपनी, पीएफ कापला जायचा. वहिनींना काही माहीत नाही, मुलगी विसाची. कंपनीतून फॉर्म घेऊन जा एवढाच फोन आलाय. इथे कुणाला यातलं कळतं का? काय काय मिळायला हवं?

पीएफवाला (बुधवार, सकाळी ८:३०)

धागा पहिल्यापासून वाचतोय, आता माझ्या कामाचं आलं म्हणून लिहितो, मी हिशोबनीस आहे, रोज हेच करतो.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, कंपनीने एकच सांगितली तर तिन्ही विचारा. पीएफची जमा रक्कम, त्याला फॉर्म २०. पत्नीला दरमहा पेन्शन, त्याला फॉर्म १०डी, आणि मुलगी २५ वर्षांची होईपर्यंत तिलाही वेगळी पेन्शन मिळते, वहिनींच्या पेन्शनच्या २५ टक्के, हे बरेच जण भरायचं विसरतात. तिसरं ईडीएलआय म्हणजे विमा, नोकरीत असताना माणूस गेला तर मिळतो, फॉर्म ५आयएफ, कमाल ७ लाखांपर्यंत, पगार आणि पीएफच्या शिलकीवर ठरतं. यासाठी कामगाराचे वेगळे पैसे कापत नाहीत म्हणून घरच्यांना तो असतो हेच माहीत नसतं. आता तिन्हींसाठी एकत्र फॉर्मपण निघालाय. भाऊंनी ई-नॉमिनेशन केलं असेल तर ऑनलाइन होईल, नसेल तर कंपनीच्या सही-शिक्क्याने. मृत्यूचा दाखला, वहिनींचं आणि मुलीचं आधार, बँक पासबुक, मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती न्या. ग्रॅच्युइटी वेगळी, ती कंपनीकडून, तीपण विचारा. अडलं तर इथेच लिहा, मी आहे.

खिडकीशेजारी (बुधवार, रात्री १०:०५)

पीएफवाले, तुमचे उपकार कसे मानू. प्रिंट काढून वहिनींना वाचून दाखवलं. ई-नॉमिनेशन केलेलं नाही, म्हणजे मुंबईला जावं लागणार. वहिनी लग्नानंतर दोनदाच मुंबईला गेल्यात, भाऊंचं ऑफिस त्यांनी पाहिलेलंच नाही.

सातपूरला सुट्टीचा अर्ज टाकला. शुक्रवारी पंचवटीने जातोय, वहिनी, मुलगी आणि मी. पास आता नाही माझ्याकडे, तिघांची तिकिटं काढली. डब्यातल्यांना ग्रुपवर कळवलं, ते म्हणाले तुम्ही आपल्या डब्यात या, जागा ठेवतो. मुलीने विचारलं बाबा कुठे बसायचे ते दाखवाल का, मी म्हटलं दाखवतो.

वहिनी म्हणाल्या डबा मी आणते, तुम्ही काही आणू नका. भाजी कोणती करू म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, भाऊंना आवडायची तशी करा.